बेकारीचा हप्ता

मुंबईच्या एखाद्या कचेरीत वा पेढीत चाकरी करणाऱ्या मनुष्याच्या वेतनपत्रकात, भविष्य निर्वाह निधी आणि आयकर या दोन ठळक वजावटींच्या आड, व्यवसाय कर नावाची एक किरकोळ दिसणारी बाब असते. वर्षातील अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये, मिळून सालीना 2500 रुपये एवढा तिचा आकार. आणि ही कपात इतकी ठरीव व इतकी मुकाट होते की, उभी हयात नोकरीत घालवून निवृत्त झालेल्या सुशिक्षित गृहस्थांनाही हा पैसा कोणत्या कारणासाठी घेतला गेला हे बहुधा सांगता येत नाही. 1975 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हा कर बसवला तो एका विवक्षित हेतूने बसवला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास काम देण्याची जी जबाबदारी राज्याने आपल्या शिरावर घेतली होती, तिच्या खर्चाची कायमची तजवीज व्हावी हा तो हेतू होय. शहरांतील दुकाने व कचेऱ्या यांच्या मिळकतकराच्या बिलात रोजगार हमीच्या नावाने जी एक स्वतंत्र ओळ छापलेली असते, तिचे मूळही तेच.

या पैशाची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर भोरहून महाडकडे उतरणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी, वरंध आणि त्याच्या आसपासच्या वाड्यांत यावे लागते. कोकणच्या या आतल्या पट्ट्यात, म्हणजे महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत, बेकारी हा शब्द फारसा उच्चारला जात नाही, कारण तिचे स्वरूप ऋतूसारखे नित्याचे आहे. ज्येष्ठात पेरणी, आषाढात आवणी, आश्विन-कार्तिकात कापणी व झोडणी. भाताची खाचरे रिकामी झाली आणि वरकस उतारावरची नाचणी-वरी घरात आली की दिवाळीपासून मृगापर्यंत सहा-सात महिने हाताला काम नाही. ज्या मुलखात पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याच मुलखातील वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते; मग दुसऱ्या पिकाची गोष्ट कुठून निघणार? या सहा महिन्यांच्या पोकळीवर इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय केला. तो मुंबईला गेला. गिरणीत गेला, गोदीत गेला, हमाल झाला, घरगडी झाला. आणि कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर गेली.

येथपर्यंतची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. जी सांगितली जात नाही ती तिची उलट बाजू. मुंबईत काम होते तोवर हा माणूस मुंबईचा होता; काम सुटले, आजारपण आले, वय झाले, की तो पुन्हा वरंधचा, माझेरीचा, शिवथरचा, उमरठचा होत असे. गिरणीमालकाने त्याच्या बेकारीसाठी कधी एक पै बाजूस ठेवली नाही, सरकारनेही ठेवली नाही. त्याला पोसले ते त्याच्या भावाच्या अर्ध्या एकराच्या खाचराने, आईच्या कणगीतल्या नाचणीने आणि बायकोने आणलेल्या लाकूडफाट्याच्या मोळीने. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या अखेरपर्यंत न मिटलेल्या लढ्यात जे घरी परतले, त्यांचा भार कोणत्या निधीने उचलला? रायगड, रत्नागिरी, सातारा येथील गावांनी उचलला. 2020 च्या टाळेबंदीत चाकरमानी मिळेल त्या वाहनाने आणि प्रसंगी पायी जेव्हा घाटाखाली आले, तेव्हाही त्यांचा बेकारी-विमा याच गावांनी दिला. विम्याच्या शास्त्रात धोका पत्करणाऱ्यास हप्ता मिळत असतो. या गावांनी शंभर वर्षे धोका पत्करला आणि हप्ता मात्र कोणी भरला नाही.

ही व्यवस्था आपोआप चालत आली एवढेच नव्हे, तर एका राजमान्य मंडळाने तिच्यावर एक प्रकारे शिक्कामोर्तबही केले. 1929 साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात, पाश्चात्त्य धर्तीचा बेकारी-विमा हिंदुस्थानात व्यवहार्य नाही असा अभिप्राय दिला. कामगार एका ठिकाणी टिकत नाही, त्याची सतत ये-जा चालू असते, हे त्याचे मुख्य कारण. आता ही ये-जा कुठे होत होती? गिरणी आणि गाव यांच्यामध्ये होत होती. म्हणजे ज्या वस्तुस्थितीमुळे गावावर बोजा पडत होता, तीच वस्तुस्थिती बोजा न उचलण्याची सबब ठरली. त्या आयोगावर नारायण मल्हार जोशी होते. महाडच्या उत्तरेस असलेल्या गोरेगावात 1879 साली जन्मलेल्या आणि 1920 साली अखिल भारतीय कामगार संघटनेचा पाया घालणाऱ्या या शांत, चिकाटीच्या पुरुषाने मजुरांच्या आयुष्याची जितकी माहिती गोळा केली तितकी त्या काळी फार थोड्यांकडे असेल. तरी त्यांच्या जन्मभूमीतील गावे मुंबईसाठी जे काम विनामोबदला करीत होती, त्याला मोल द्यावे हा विचार राज्यकर्त्यांच्या मनात रुजण्यास अजून चाळीस वर्षे जावयाची होती.

मध्यंतरी दोन गोष्टी घडल्या, आणि दोहोंशी ज्यांचा संबंध आला त्या पुरुषाचे महाडशी असलेले नाते सांगावयास नको. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात सेवायोजन कार्यालयांचा पाया घातला गेला, आणि प्रा. अडारकरांच्या 1944 च्या अहवालातून ज्याचा उगम झाला तो कर्मचारी राज्य विम्याचा कायदा 1948 साली झाला. पुढे राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व म्हणून नोंदले गेले. मात्र त्याला 'राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी अट जोडलेली होती. 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क ज्या भूमीत बजावला गेला, त्या भूमीतील वाचकाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही की, हक्क कागदावर असणे आणि ओंजळीत येणे यांत मोठे अंतर असते. कामाच्या हक्काच्या बाबतीत ते अंतर पैशाचे होते. ही आर्थिक क्षमता येणार कोठून?

बेकारांना साहाय्य करू इच्छिणाऱ्या प्रत्येक राज्याला हा प्रश्न सोडवावा लागला आहे. ब्रिटनने 1911 च्या कायद्याने जो पहिला राष्ट्रीय बेकारी-विमा उभा केला, त्यात कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स, मालकाने अडीच पेन्स, आणि या दोहोंच्या बेरजेच्या एक तृतीयांश एवढी भर सरकारने घालावी, अशी त्रिपक्षीय रचना होती. बेकार कामगाराला आठवड्याला सात शिलिंग, तेही वर्षातून पंधरा आठवडेच. हिशेब चोख होता, पण तो थोड्या व अल्पकालीन बेकारीचा हिशेब होता. पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वर्षानुवर्षे हटेना तेव्हा निधी कर्जात बुडाला, आणि 1931 साली बेकारांच्या भत्त्यात कपात करावी की नाही या एका प्रश्नावर तेथील मजूर पक्षाचे सरकार कोसळले. अमेरिकेने 1935 च्या कायद्याने दुसरा मार्ग धरला. तेथे प्रत्येक घटकराज्याचा स्वतंत्र निधी आहे, परंतु त्याची रक्कम संघराज्याच्या खजिन्यात त्या त्या राज्याच्या खात्यावर जमा राहते आणि बेकारांना द्यावयाच्या भत्त्यावाचून अन्य कोणत्याही कामासाठी तिला हात लावता येत नाही. जवळजवळ सर्व राज्यांत कर फक्त मालक भरतो, आणि जो मालक अधिक माणसे कामावरून काढतो त्याचा कराचा दर पुढील काळात चढतो. राज्याचा निधी आटला तर संघ सरकारकडून कर्ज मिळते, पण ते फेडावे लागते. कॅलिफोर्नियासारख्या धनाढ्य राज्यावर महामारीच्या काळात असे सुमारे 20 अब्ज डॉलरचे कर्ज झाले. त्याचे एक कारण उघड आहे. वेतनाच्या ज्या रकमेवर कर आकारावयाचा ती मर्यादा कॅलिफोर्नियाने संघाच्या किमान पातळीवर, म्हणजे 7000 डॉलरवर, गोठवून ठेवली आहे, आणि ही किमान पातळी 1983 पासून हललेली नाही. त्याच देशातील वॉशिंग्टन राज्याने ही मर्यादा सरासरी वेतनाशी बांधल्यामुळे ती आज साठ हजार डॉलरच्या वर आहे. हा तपशील वाचकाने ध्यानात ठेवावा. आपल्याकडील गोष्ट त्याच वळणाने गेली आहे.

महाराष्ट्राने जो मार्ग शोधला तो या दोहोंहून निराळा होता. शेतमजुराला आणि अल्पभूधारकाला मालक असा कोणी नसतो; असला तर चार दिवसांचा असतो. त्याच्यासाठी हप्ता कोणाकडून मागावा? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिचे सार असे की, बेकाराला भत्ता न देता काम द्यावे, ते काम जमिनीची व पाण्याची धारणशक्ती वाढवणारे असावे, आणि काम देणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून मान्य व्हावे. वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळाने 1972 मध्ये ही योजना स्वीकारली; पाठोपाठ तो भयंकर दुष्काळ आला, आणि 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. खडी फोडणाऱ्या त्या लाखो हातांनी सरकारला एक गोष्ट दाखवून दिली: काम मिळाले तर माणूस भीक मागत नाही, आणि कामाची संघटना इतक्या प्रचंड प्रमाणावरही उभी करता येते. परंतु दुष्काळी कामांना केंद्राचे साहाय्य होते. दुष्काळ संपताच ते आटणार, हे उघड होते, आणि हमी मात्र कायमची द्यावयाची होती.

याच ठिकाणी त्या पिढीतील राज्यकर्त्यांनी जे धैर्य दाखवले त्याला तोड नाही. त्यांनी नवे कर बसवले, आणि ते कशासाठी बसवले हे करदात्याला उघड सांगितले. नोकरदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर. विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवर अधिभार. बागायती जमिनीवर विशेष आकारणी. जमीन महसुलावर वाढीव आकार. शहरांतील अनिवासी इमारतींवर उपकर. या सर्व बाबींचे निव्वळ उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा व्हावे, आणि जेवढे जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या सर्वसाधारण महसुलातून घालावी, असा दंडक 1977 च्या रोजगार हमी अधिनियमात घालण्यात आला. विधिमंडळाने एकमताने मंजूर केलेला हा अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे, न मिळाल्यास बेकार भत्ता दिला पाहिजे, स्त्री आणि पुरुष यांच्या मजुरीत भेद असता कामा नये, एकंदर खर्चातील किमान 60 टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे. भत्ता दिवसाला किमान एक रुपया एवढाच होता खरा. परंतु मागणाऱ्याच्या हाती दाव्याचे साधन आले, आणि ते देणाऱ्या निधीला स्वतःचे उत्पन्न होते. सर्व्हे नंबराला सातबारा असावा तसा त्या हक्काला पैशाचा उतारा जोडलेला होता. परळ-लालबागचा कामगार आणि नरिमन पॉइंटचा अधिकारी यांच्या पगारातून कापलेला रुपया प्रथमच, कायद्याच्या हुकमाने, त्या गावांकडे वळला ज्या गावांनी मुंबईच्या बेकारांना सांभाळले होते.

यास कोणी दानधर्म म्हणतात. शहरातील काही सुजाण मंडळींना हा कर म्हणजे आपल्या कष्टाच्या पैशाचे गावगन्ना वाटप वाटते, आणि काम न करणाऱ्यांना पोसण्याचा हा प्रकार आहे अशी तक्रार ते प्रामाणिकपणे करतात. त्यांना माझे सांगणे असे की, हमीच्या कामावर कोणीही चैन म्हणून जात नाही. वैशाखाच्या उन्हात मातीची घमेली वाहणे हीच त्या योजनेची पात्रता-परीक्षा आहे. ज्याला दुसरे काही मिळते तो तिकडे फिरकत नाही, आणि म्हणूनच उत्पन्नाचा दाखला, दारिद्र्यरेषेची यादी, शिफारसपत्र यांपैकी कशाचीही तेथे जरूर पडत नाही. आणि गावाने शहराला जे दिले ते या हिशेबात धरले, तर वर्षाचे 2500 रुपये हा फार मोठा हप्ता नव्हे.

पुढे या व्यवस्थेचे जे झाले ते मात्र खेदजनक आहे. 1985-86 च्या सुमारास योजनेवर वर्षाला सुमारे 19 कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले होते. 1988 साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट करणे भाग पडले, आणि मजुराची मजुरी वाढली त्याच वेळी कामे उघडण्यात शासनाचा हात आखडला. नव्वदच्या दशकात कामाचे प्रमाण निम्म्यावर आले. इकडे कराची वसुली तर वाढतच होती, कारण शहरे वाढत होती, पगार वाढत होते. एका बाजूस निधीची शिल्लक फुगत गेली आणि दुसऱ्या बाजूस मागणी नोंदवून न घेण्याची कला कचेऱ्यांतून मुरत गेली. ज्याला वार्षिक अर्थसंकल्पाची ओढाताण माहीत आहे त्याला पुढचे सांगावयास नको: हेतुबद्ध कराचा पैसा प्रथम एकत्रित निधीत येतो, आणि तेथून तो हमीच्या निधीत वळता करण्याचे काम वित्त विभागाच्या सवडीवर अवलंबून राहते. कर राहिला, हेतू विस्मृतीत गेला. आज व्यवसाय कर हा वस्तू व सेवा कराचे काम पाहणाऱ्या विभागाच्या वसुलीतील एक बाब एवढ्याच अर्थाने ओळखला जातो.

वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया यांच्या फरकाचा उल्लेख वर केला तो येथे कामास येतो. घटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने व्यवसाय करावर माणशी वर्षाला 250 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2500 केली, आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. 1988 साली 2500 रुपये ही एखाद्या चांगल्या नोकरदाराच्या महिन्याच्या पगाराइतकी रक्कम होती. आज ती लाखो रुपये मासिक वेतन घेणाऱ्या कंपनीच्या संचालकालाही तेवढीच आहे आणि महिना दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणाऱ्या रखवालदारालाही तेवढीच. हा रखवालदार बहुधा आपल्याच पोलादपूरचा असतो. मर्यादा उठवावी, दर उत्पन्नाच्या प्रमाणात चढता ठेवावा आणि खालच्या थरातील पुरुष कामगारांनाही, स्त्रियांना आज आहे तशी, पंचवीस हजारांपर्यंत सूट द्यावी, या मागणीसाठी महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, संसदेत आवाज उठवावयास हवा होता. कारण ज्या राज्याने हा कर एका उदात्त कार्यास जोडला त्या राज्याचा या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार सर्वांहून मोठा आहे.

2005 च्या राष्ट्रीय कायद्याने महाराष्ट्राचा धडा देशभर नेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या कायद्यातील पैशाची वाटणी पाहा. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राने द्यावयाचा, साहित्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग केंद्राने द्यावयाचा. आणि काम पंधरा दिवसांत न दिल्यास द्यावयाचा बेकार भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व पुढे किमान निम्मा, तो मात्र राज्याने आपल्या खजिन्यातून द्यावयाचा. हेतू चांगला होता: भत्त्याच्या धाकाने राज्य काम काढील. प्रत्यक्षात धाक उलट्या दिशेने लागू पडला. काम काढण्यापेक्षा मागणीच नोंदवून न घेणे सोपे ठरले. नमुना 4 भरून दिलेल्या अर्जाची तारीखवार पोच मिळाली की भत्त्याचा दावा उभा राहतो, म्हणून पोचच द्यावयाची नाही, किंवा काम काढावयाच्या दिवशीची तारीख अर्जावर घालून घ्यावयाची, हा प्रकार कोणा एका गावाचा नाही. या योजनेवर काम केलेल्या कोणालाही तो ठाऊक आहे. आणि यात ग्रामरोजगार सेवकाला दोष देणे अन्यायाचे होईल. तो तुटपुंज्या मानधनावर राबणारा माणूस आहे; ज्या भत्त्याची तरतूदच कोणत्या शीर्षाखाली ठेवलेली नाही, तो देण्याची पाळी आपल्यामुळे आली असे वरिष्ठांनी म्हणू नये, एवढीच त्याची धडपड असते. तरतूद असती, आणि ती रोजगार हमी निधीत असती, तर पोच देताना त्याचा हात थरथरला नसता.

कोकणात या योजनेची कामे नेहमीच तुरळक राहिली. त्याची कारणे अनेक सांगितली जातात: डोंगराळ जमीन, विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यातील चार महिने कामास अयोग्य, आणि हमीची मजुरी बाजारभावाहून कमी. शेवटचे कारण खरे आहे. 2025-26 साठी महाराष्ट्रातील दर दिवसाला 312 रुपये ठरला, आणि बिरवाडीच्या नाक्यावर बिगारी शोधावयास जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की तेवढ्या मजुरीत तेथे माणूस मिळत नाही. पण नाक्यावर रोज उभे राहण्यासाठी बिरवाडीस रोज पोचावे लागते. वरच्या वाड्यांतील स्त्रीला, कातकरी कुटुंबाला, वय झालेल्या माणसाला ते शक्य नसते. हमीची गरज त्यांना आहे, आणि ती मागावयास तालुक्याच्या ठिकाणी पाच फेऱ्या मारावयास लावणारी पद्धत त्यांच्या उपयोगाची नाही. या भागात योजना अजिबात रुजली नाही असेही नाही. 1990 पासून हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीने वरकस उतारांवर आंबा-काजूची कलमे लावली, आणि त्यांतील जी जगली ती आजही उत्पन्न देत आहेत. ज्या कामातून माणसाची मालमत्ता तयार होते ते काम तो सोडत नाही, हे कोकणाने त्या वेळी दाखवले.

कामे नाहीत असे मात्र या दोन तालुक्यांत कोणी म्हणू नये. 22 जुलै 2021 रोजी तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली; त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्यापूर्वी 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे हेच झाले होते. वरंध घाटाचा रस्ता पावसाळ्यात वरचेवर बंद करावा लागतो. वस्तीच्या माथ्यावरून येणारे पाणी बाजूस काढणारे चर व गटारे, ओहोळांतील दगडी बांध, उतारांवर खोल मुळांच्या झाडांची लागवड, उन्हाळ्यात आटणाऱ्या झऱ्यांच्या वरच्या अंगास जलसंधारण, ही सारी कामे अंगमेहनतीची आहेत आणि नोव्हेंबर ते मे याच महिन्यांत, म्हणजे गाव रिकामा असतो तेव्हाच, करावयाची आहेत. एक सावधगिरी मात्र येथे अवश्य हवी. मराठवाड्यात पुण्यकर्म ठरणारा समतल चर सह्याद्रीच्या भुसभुशीत उतारावर पाणी मुरवून दरडीलाच आमंत्रण देऊ शकतो. म्हणून कुठे मुरवावे व कुठे वाहू द्यावे हे भूवैज्ञानिकाने आखून दिल्याशिवाय कुदळ चालवू नये. त्या तज्ज्ञाच्या मानधनाची तरतूदही याच निधीतून झाली पाहिजे, कारण कामांची यादी तयार नसणे हे काम न देण्याचे सर्वांत जुने कारण आहे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांविषयी थोडके लिहितो. रासायनिक कारखान्यांच्या त्या वसाहतीत आसपासच्या गावांतील तरुण जातात, आणि ज्यांचे वेतन महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे व ज्यांचे नाव विमायोजनेत चढवलेले आहे, त्यांच्यासाठी वेतनाच्या 0.75 टक्के कामगाराकडून व 3.25 टक्के मालकाकडून राज्य विमा महामंडळाकडे जमा होतात. नोकरी सुटल्यास याच निधीतून, 2018 पासून सुरू झालेल्या योजनेखाली, नव्वद दिवसांपर्यंत साहाय्य मिळते. त्याचा दर 2020 मध्ये सरासरी कमाईच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के करण्यात आला. पण ते आयुष्यात एकदाच मिळते, आणि त्यासाठी आधीची किमान दोन वर्षे विमाधारक नोकरीत असावे लागते. ठेकेदार बदलला की हजेरीपटावर नवे नाव, नवा आरंभ. कंत्राटी मजुराची दोन वर्षे भरावीत कशी? अमेरिकेतील, माणसे काढणाऱ्या मालकाचा कर चढवण्याची पद्धत येथे लागू केली, आणि ठेकेदाराच्या आडून काढलेली माणसे मूळ कारखान्याच्या खात्यावर मोजली, तर या प्रश्नाचा अर्धा भाग सुटेल असे मला वाटते. तोपर्यंत कारखान्याचा दरवाजा बंद झालेला तरुणही आपल्या बापाच्या खाचराकडेच परत येतो, आणि त्याचा भार पुन्हा वरंधवरच पडतो.

संसदेने डिसेंबर 2025 मध्ये ग्रामीण रोजगाराचा जो नवा कायदा केला, त्याने हा सर्व विषय तातडीचा केला आहे. हमीचे दिवस 100 वरून 125 झाले, हे स्वागतार्ह. परंतु खर्चाचा 40 टक्के भाग आता महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलावयाचा आहे, केंद्राच्या नियत वाटपापेक्षा अधिक झालेला खर्चही राज्यानेच सोसावयाचा आहे, आणि शेतीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. कोणत्याही राज्याच्या वित्त विभागाची यावरील स्वाभाविक प्रतिक्रिया काय होईल? काम जितके कमी निघेल तितकी बचत. वाढलेले पंचवीस दिवस कागदावर राहतील, आणि पोच न देण्याची कला अधिक पक्की होईल. इतर राज्यांजवळ या मोहाला उत्तर नाही. महाराष्ट्राजवळ आहे, पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी ते कायद्यात लिहून ठेवले. व्यवसाय कर व त्याच्या जोडीचे उपकर यांचे उत्पन्न रोजगार हमी निधीत थेट, महिन्याच्या महिन्याला, वित्त विभागाच्या सवडीची वाट न पाहता जमा व्हावे. राज्याची समान भर त्यात त्याच मुदतीत पडावी. ज्या वर्षी शिल्लक राहील त्या वर्षी ती अन्यत्र न वळवता पुढील दुष्काळासाठी वा पुढील महामारीसाठी राखून ठेवावी. आणि बेकार भत्त्याचा खर्च या निधीचा पहिला बोजा म्हणून मानला जावा, म्हणजे भत्ता देणे हे कोणा अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकातील कलंक राहणार नाही. वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या दोन शब्दांपुढे 'रोजगार हमी निधीसाठी' एवढे छापण्यास सरकारला काही खर्च येत नाही. आणि प्रत्येक तालुक्यात किती जमा झाले, किती मागण्या नोंदल्या, किती दिवस काम दिले, किती भत्ता चुकता केला, याचा तक्ता तहसील कचेरीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास एक कागद पुरतो.

या हिवाळ्यात झोडणी आटोपली की वरंध, माझेरी, तळीये, शिवथर येथील ग्रामसभांनी पुढच्या वर्षाच्या कामांची यादी करताना दरडींच्या माथ्यावरील व झऱ्यांच्या वरची कामे पहिल्या ओळीत लिहावीत, काम हवे असलेल्या प्रत्येकाचा अर्ज त्याच बैठकीत घ्यावा आणि सही-शिक्क्यानिशी त्या दिवसाच्या तारखेची पोच त्याच बैठकीत द्यावी. मुंबईतील महाड-पोलादपूरच्या मंडळांनी, ज्यांचे सभासद हा कर वर्षानुवर्षे भरत आले आहेत, त्या पोचांच्या नकला मागवून घ्याव्यात आणि सोळाव्या दिवशी आपल्या आमदाराकडे जाऊन आमच्या पैशाचे पुढे काय झाले हे विचारावे.